हे वाक्य कोणाचं?

मार्च उजाडला की नाशिक रोडच्या झेरॉक्सच्या दुकानांत प्रोजेक्टांचे गठ्ठे पडू लागतात. काळ्या रेक्झिनचं बाइंडिंग, त्यावर सोनेरी अक्षरांत विषय, आत सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र, मग ऋणनिर्देश आणि त्यानंतर ‘इंट्रोडक्शन’. या पहिल्या प्रकरणाचा पहिला परिच्छेद मी अनेक मुलांकडून मागून घेऊन वाचला आहे. विषय थकीत कर्जांचा असो, महिला बचत गटांचा असो की दारणेच्या पाण्याचा, सुरुवात ठरलेली. प्राचीन काळापासून मानवी जीवनात अमुक गोष्टीला अनन्यसाधारण महत्त्व आहे. नाहीतर आजच्या स्पर्धेच्या युगात अमुक गोष्ट ही काळाची गरज आहे. इंग्रजी बहुतेक वेळा शुद्ध असतं, स्पेलिंग बिनचूक असतं. फक्त तो परिच्छेद लिहिणाऱ्याचा नसतो. तो मागच्या वर्षीच्या प्रोजेक्टातून आलेला असतो आणि त्यात त्याच्या आदल्या वर्षीच्या.

‘आमच्या मुलांचं इंग्रजी कच्चं आहे’ हे निदान मी इंग्रजी शिकवायला लागल्यापासून ऐकते आहे. ते मला आता अपुरंच नव्हे, दिशाभूल करणारं वाटतं. कच्चं इंग्रजी सुधारता येतं, त्याला पुस्तकं आहेत, क्लास आहेत, मोबाइल आहे. पण विद्यापीठाच्या पातळीवर इंग्रजीतून लिहिणं म्हणजे नेमकं काय करणं, हे या मुलांना कोणी करून दाखवलेलं नाही आणि त्यांनी लिहिलेलं पान कोणी वाचून, खुणा करून परत दिलेलं नाही. दुखणं इथे आहे.

नाशिक रोडला शिकायला येणारी मुलं कोण आहेत, हे आधी पाहायला हवं. मनमाडकडून येणाऱ्या गाडीने लासलगाव, निफाड, कसबे सुकेणे, खेरवाडी, ओढा इथून मुलं उतरतात. इगतपुरी-घोटीकडची दुसऱ्या बाजूने येतात. सिन्नर, पळसे, शिंदे, चेहेडीची एसटीने किंवा दुचाकीवर. जेल रोड, उपनगर, देवळाली गाव, विहितगाव इथली मुलं तर गावातलीच, त्यांतल्या कितीतरी घरांतले आजोबा किंवा वडील प्रेसमध्ये होते. प्रेस म्हणजे इथे फक्त दोनच. १९२५ साली आलेली इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८पासून नोटा छापणारी करन्सी नोट प्रेस. देशाचे पासपोर्टही इथेच छापले जातात. उच्च शिक्षणाची सोय गोखले एज्युकेशन सोसायटीने केली. प्राचार्य टी. ए. कुलकर्णींनी १९१८ साली सुरू केलेली ही संस्था. तिचं नाशिक शहरातलं एचपीटी कॉलेज १९२४चं आणि नाशिक रोडचं बिटको कॉलेज १९६३चं. शेतकऱ्याच्या, प्रेस कामगाराच्या, रेल्वेतल्या खलाशाच्या घरातली पहिली पदवी इथल्या वर्गांतून बाहेर पडली. घरात इंग्रजी बोलणारं कोणी नाही, पण कागदाचं मोल कळणारी माणसं भरपूर, अशी ही वस्ती.

या मुलांनी इंग्रजी पाहिलेलंच नाही असंही नाही. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. म्हणजे आज एफवायच्या वर्गात बसलेलं मूल बारा वर्षं हा विषय शिकलेलं आहे. बारावीच्या ‘युवकभारती’त परदेशी प्रवेशासाठी लागणारं स्टेटमेंट ऑफ पर्पज आहे, एखाद्या मताची बाजू आणि विरुद्ध बाजू मांडणं आहे, गटचर्चा आहे. ते पुस्तक मला आवडतं. ते बनवणाऱ्यांना काय हवं होतं ते स्पष्ट दिसतं. पण पुस्तक दुकानात येतं त्याच आठवड्यात त्याचं गाइडही येतं आणि गाइडात प्रत्येक ‘तुमचं मत लिहा’च्या खाली मत छापलेलं असतं. मूल ते पाठ करतं. परीक्षकासमोर गठ्ठा असतो, त्याला ओळखीचं उत्तर दिसतं, तो गुण देतो. असं बारा वर्षं चालल्यावर मुलाची पक्की समजूत होते की चांगलं वाक्य हे दुसऱ्याचं असतं. आपलं ते चुकीचं.

कॉलेजात आल्यावर त्याला रिक्षाच्या मागे ‘फाडफाड इंग्लिश’ची जाहिरात दिसते. या क्लासांविषयी मला काही वाईट म्हणायचं नाही. मुलाखतीत दोन वाक्यं न अडखळता बोलता आली तर नोकरी मिळते आणि नोकरीची गरज खरी आहे. परदेशी जाणारे आयईएल्‌टीएसच्या तयारीला लागतात. त्या परीक्षेत निदान लिहावं तरी लागतं. तासाभरात दोन लेखनं, एक दीडशे शब्दांचं, दुसरं अडीचशेचं. शब्दसंपत्ती आणि व्याकरणाइतकंच वजन तिथे मुद्द्याला धरून लिहिण्याला आणि वाक्यांच्या सांध्यांना आहे. पण क्लासमध्ये त्याचेही साचे मिळतात. कुठल्याही विषयात घालता येणारी सुरुवात, कुठल्याही विषयाला चालणारा शेवट. मूल साचा घेऊन आयर्लंडला किंवा जर्मनीला जातं आणि पहिल्याच सत्रात त्याला विचारलं जातं, यात तुझा मुद्दा कोणता?

मी रविवारी दुपारी जेल रोडवरच्या एका अभ्यासिकेत बसते. स्पर्धा परीक्षांची मुलं आपापल्या खुर्च्यांवर वाकलेली असतात. मागच्या टेबलावर ज्यांना काही लिहायचं आहे ती मुलं माझ्याकडे येतात. त्यातली एक निफाड तालुक्यातली, अर्थशास्त्रात एम.ए. करणारी. तिचा विषय होता कांदा निर्यातबंदी आणि शेतकरी. मसुद्यात आधी कांद्याचा उगम, मग इजिप्तचे पिरॅमिड, मग कांद्यातली जीवनसत्त्वं, मग लासलगावच्या बाजारपेठेचा मोठेपणा आणि शेवटच्या पानावर एक ओळ, बंदीमुळे शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं. मी कागद बाजूला ठेवले आणि मराठीत विचारलं, “बंदी आली तेव्हा तुमच्याकडे कांदा होता का गं?”

“होता ना मॅडम. लाल होता.”

“मग?”

“मग काय. उन्हाळ असता तर चाळीत टाकला असता, थांबलो असतो चार महिने. लाल थोडाच थांबतो? काढला की विकायचाच. नाहीतर सडतो.”

“हे तुझ्या मसुद्यात कुठे आहे?”

तिने कागद उलटेपालटे केले. मग म्हणाली, “हे लिहायचं असतं?”

तिच्या प्रश्नात सगळं आलं. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३पासून कांद्याची निर्यात बंद केली. ती ४ मे २०२४ रोजी खुली झाली, तीही किमान निर्यातमूल्याची अट घालून. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा, ज्याला टिकवणक्षमता नाही. म्हणजे ही बंदी अशा महिन्यात आली, जेव्हा शेतकऱ्याला थांबण्याची सोयच नव्हती. हे निरीक्षण कुठल्याही गाइडात नाही, तिच्या वडिलांच्या शेतात आहे. आणि अर्थशास्त्राच्या लेखाला लागतो तो मुद्दा हाच आहे.

मुद्दा सापडला म्हणजे लेख झाला असं नाही. खरी मेहनत पुढे होती. मी तिला विचारलं, दर पडला तो बंदीमुळेच कशावरून? डिसेंबरात आवक तर दर वर्षी वाढते, त्यानेही दर उतरतो. ती थोडी चिडली. घरचं नुकसान डोळ्यांनी पाहिलेल्या मुलीला हा प्रश्न सरकारची बाजू घेतल्यासारखा वाटला आणि तिचं चिडणं मला पटलं. पण पुढच्या रविवारी तिने मसुद्यात तीन वेगवेगळ्या जोराची वाक्यं आणली. बंदी लाल कांद्याच्या आवकेच्या काळात आली, हे निश्चित. साठवण शक्य नसल्याने त्या शेतकऱ्यांना पडत्या दरात विकावं लागलं, असं बाजार समितीच्या आकड्यांवरून दिसतं. दरातली सगळी घसरण बंदीमुळे झाली की नाही, हे या माहितीवरून सांगता येत नाही. एका परिच्छेदात ती किती खात्रीने काय म्हणते आहे याची पायरी न् पायरी दिसू लागली. इंग्रजीत क्रियापदं अजून दोन ठिकाणी चुकली होती. ती मी दुरुस्त केली, त्याला दोन मिनिटं लागली.

मला जे सांगायचं आहे ते या दोन मिनिटांच्या हिशोबात आहे. व्याकरण दोन मिनिटांचं काम होतं. ‘हे लिहायचं असतं?’पासून त्या तीन वाक्यांपर्यंत यायला वेळ लागला, आणि त्यातला बराचसा प्रवास मराठीत झाला. मराठीत बोलू दिलं नसतं तर तो लाल कांदा कागदावर आलाच नसता.

शास्त्रीय लेखाची सुरुवात कशी असते याचा अभ्यास जॉन स्वेल्स या भाषाशास्त्रज्ञाने केला. १९९०च्या त्याच्या पुस्तकातली मांडणी आज जगभर शिकवली जाते. आधी या क्षेत्रात काय म्हटलं गेलं आहे ते सांगायचं, मग त्यात काय राहून गेलं आहे ते दाखवायचं, मग ती जागा आपण कशी भरणार ते सांगायचं. मुलांना हे सूत्र फळ्यावर लिहून दिलं तर त्याचाही साचा होतो. म्हणून मी त्यांना एक जुना निबंध वाचायला देते.

९ मे १९१६. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारचा वर्ग. पंचवीस वर्षांचा एक मराठी विद्यार्थी भारतातल्या जातींवर निबंध वाचतो आहे. भीमराव आंबेडकर. पुढच्या वर्षी मे महिन्यात हा निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. बाबासाहेबांचं नाव घेतलं की आपल्याकडे माना आदराने झुकतात आणि वाचायचं राहून जातं. मी मुलांना म्हणते, आदर मनात असू द्या, आत्ता एका विद्यार्थ्याचा पेपर म्हणून वाचा. त्याने काय केलं आहे ते पाहा.

तो सुरुवातीलाच सांगतो की विषय अवाढव्य आहे आणि मी त्याच्या एका मर्यादित भागाबद्दलच बोलणार आहे. मग जातीच्या चार व्याख्या समोर ठेवतो, सेनार, नेसफिल्ड, रिस्ली आणि केतकर यांच्या. प्रत्येकाचं म्हणणं आधी नीट सांगतो आणि मगच ते कुठे अडतं ते दाखवतो. सेनार विटाळाच्या कल्पनेला जातीचं लक्षण मानतात, पण ती कल्पना पुरोहितांच्या कर्मकांडातून आलेली आहे, जातीच्या मुळाशी नाही. नेसफिल्ड बाहेरच्यांशी रोटीव्यवहार नसणं हे लक्षण सांगतात, तिथे परिणामालाच कारण समजलं गेलं आहे. केतकरांचा तो मान राखतो, कारण ते आतून पाहणारे आहेत. पण केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणं, म्हणजे जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्मानेच मिळणारं सदस्यत्व, ही दोन नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असं तो दाखवतो. लग्न आतच होणार असेल तर जन्म आतच होणार. इतकी जागा मोकळी केल्यावर मग तो आपलं विधान मांडतो की जातीचं खास असं लक्षण एकच, जातीअंतर्गत विवाह. शेवटी तो असंही म्हणतो की माझी उपपत्ती अंतिम आहे असा माझा दावा नाही, ती टिकत नाही असं कोणी दाखवलं तर मी ती सोडून देईन.

या निबंधातले केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांचं जातिसंस्थेच्या इतिहासावरचं इंग्रजी पुस्तक १९०९ साली, ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना निघालं. म्हणजे न्यूयॉर्कमधल्या त्या खोलीत एक मराठी माणूस दुसऱ्या मराठी माणसाचं पुस्तक मन लावून वाचून त्याच्याशी मतभेद नोंदवत होता, परक्या भाषेत, परक्या श्रोत्यांसमोर, आणि दोघांचीही पत राखून. वर्गात हे वाचताना मुलं ताठ बसतात. असहमत होणं म्हणजे अपमान करणं नव्हे, ही गोष्ट त्यांना इथे पहिल्यांदा कागदावर दिसते.

पुढचा भाग मी मुद्दाम सांगते. याच आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. तो पहिल्या फेरीत मान्य झाला नाही, त्यांना तो सुधारून पुन्हा द्यावा लागला. १९२३ साली तो मान्य झाला आणि त्याच वर्षी पुस्तक म्हणून निघाला. त्याला एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि त्या प्रस्तावनेत त्यांनी आपले मतभेदही नोंदवले. तेव्हा हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडहून छापून येत. पाच वर्षांनी त्या नाशिक रोडला छापल्या जाऊ लागल्या. आणि १९३०च्या मार्चमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा रुपयावर लिहिणारा तोच माणूस नाशिकमध्ये उभा होता. ज्यांना वाटतं की मसुदा परत येणं ही नामुष्की आहे, त्यांच्यासाठी हा इतिहास आहे.

ही पाश्चात्त्यांची पद्धत, आपल्या मुलांवर कशाला लादता, असं म्हणणारेही भेटतात. त्यांना मी आपल्या शास्त्रग्रंथांकडे बोट दाखवते. पूर्वपक्ष मांडायचा, तोही असा की विरोधकाने मान डोलवावी, आणि मग उत्तरपक्ष करून सिद्धान्ताला यायचं, ही शिस्त आपल्याकडे फार जुनी आहे. फक्त ती फार थोड्या घरांत कोंडलेली होती. आज ती निफाडच्या मुलीच्या हाती येत असेल तर त्यात परकं काय आहे?

वाङ्मयचौर्याच्या प्रश्नाकडे मी याच बाजूने पाहते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली त्याबद्दल नियम केले. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. दहा ते चाळीस टक्के निघालं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, चाळीस ते साठ असेल तर वर्षभर थांबायचं, साठच्या पुढे नोंदणी रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य मोजलं जात नाही. नियम हवेतच. पण मुलांच्या बोलण्यात आता ‘किती टक्के आलं?’ हा एकच प्रश्न असतो. टक्के खाली आणायला शब्द बदलून देणारी साधनं वापरली जातात. त्याचा परिणाम काय होतो ते जगाने पाहिलं आहे. २०२१ साली फ्रान्समधले संशोधक गिओम कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापील शोधनिबंधांत अशी वाक्यं शोधून काढली, जिथे ‘ब्रेस्ट कॅन्सर’च्या जागी ‘बुझम पेरिल’ लिहिलेलं होतं. यंत्राने शब्द बदलले आणि लेखकाने, तपासनिसाने, संपादकाने ते तसेच जाऊ दिले. टक्के मोजणारं यंत्र आणि टक्के उतरवणारं यंत्र यांच्यामध्ये वाचणारा माणूसच उरला नव्हता.

२०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि प्रश्न आणखी धारदार झाला. आता कोणालाही गुळगुळीत इंग्रजी परिच्छेद दोन सेकंदांत मिळतो. त्यावर उपाय म्हणून ‘हे यंत्राने लिहिलं का’ ते ओळखणारी यंत्रं आली. ती कोणावर घसरतात पाहा. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेले ९१ टोफेल निबंध अशा यंत्रांना दिले. यंत्रांनी त्यातले सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्रलिखित ठरवले, कारण त्यांची शब्दांची निवड साधी आणि अपेक्षित होती. म्हणजे प्रामाणिकपणे, थोडक्या शब्दांत लिहिणारी आमची मुलंच संशयात सापडण्याची भीती जास्त. मी माझ्या टेबलावर चॅटजीपीटी वर्ज्य ठेवलेलं नाही. व्याकरण तपासायला, एखादं वाक्य का अडतं ते विचारायला मुलं ते वापरतात. अट एक, प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचारलं की हे कोणाचं, तर उत्तर देता आलं पाहिजे. तुझं असेल तर कशावरून म्हणतेस? दुसऱ्याचं असेल तर त्याचं नाव कुठे आहे?

बोलण्याचंही असंच. सेमिनारला मूल पडद्याकडे तोंड करून स्लाइड वाचतं, कारण स्लाइडवर जे आहे ते त्याचं नसतं. प्राध्यापकांना ईमेल लिहिताना शाळेतल्या रजेच्या अर्जाची भाषा येते आणि विषयाची जागा कोरी राहते. पण स्वतःचा मुद्दा हाती असलेलं मूल बरं बोलतं, अडखळलं तरी पुढे जातं. कांद्यावर लिहिणाऱ्या मुलीने सेमिनारला लाल आणि उन्हाळ कांद्याचा फरक इंग्रजीत समजावून सांगितला. चाळीला काय म्हणायचं ते तिला अडलं, तर तिने फळ्यावर चाळ काढून दाखवली आणि पुढे बोलत राहिली.

अडचण वेळेची आहे आणि ती खोटी नाही. वर्गात शंभर मुलं धरली आणि प्रत्येकाच्या एका पानाला दहा मिनिटं दिली, तर एका फेरीला सोळा-सतरा तास लागतात. तासिका तत्त्वावर दोन-तीन कॉलेजांत धावणाऱ्या शिक्षकाकडून ही अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठांत यासाठी लेखन केंद्रं असतात, तिथे मूल मसुदा घेऊन जातं आणि कोणीतरी शेजारी बसून वाचतं. पर्ड्यू विद्यापीठाच्या केंद्राचं साहित्य तर जगाला फुकट खुलं आहे. आपल्याकडे अशा केंद्रासाठी इमारत नको, पद नको. ग्रंथालयातलं एक टेबल आणि ठरलेली वेळ पुरे. एम.ए.ची मुलं एफवायच्या मुलांचे मसुदे वाचू शकतात. वाचणाऱ्यालाही त्यातून तितकंच मिळतं.

संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा आराखडा आला आहे. भाषा आणि संवादकौशल्यांसाठी त्यात वेगळे श्रेयांक आहेत, अंतर्गत मूल्यमापनाला जागा आहे. ही जागा पुन्हा बहुपर्यायी प्रश्नांनी भरू नये, असं मला कळकळीने वाटतं. सत्रात एकच पान लिहायला सांगावं, गावातल्या किंवा घरातल्या एखाद्या पाहिलेल्या गोष्टीवर. आधी मराठीत बोलून घ्यावं. मग इंग्रजीत पहिला मसुदा, त्यावर खुणा, मग दुसरा. आणि अंतर्गत गुण दुसऱ्या मसुद्याला न देता, पहिल्यातून दुसऱ्यात काय बदललं आणि का बदललं, याला द्यावेत. झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीचं प्रोजेक्ट मिळेल, पण त्या मुलाच्या पहिल्या मसुद्यावरच्या खुणा तिथे मिळणार नाहीत.

निफाडच्या त्या मुलीचं काम अजून संपलेलं नाही. बंदी नसलेल्या वर्षी, म्हणजे २०२२च्या डिसेंबरात, लाल कांद्याची आवक आणि दर काय होते ते तिला बाजार समितीतून आणायचं आहे. त्याशिवाय तुलना उभी राहत नाही, हे मी तिला सांगितलेलं नाही. तिचं तिनेच ते मसुद्याच्या कडेला पेन्सिलीने लिहून आणलं होतं.